गाडी थांबवण्याचा अधिकार

मृगाच्या आसपास कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू होतं आणि रत्नागिरी स्टेशनवर दरवर्षीच्या तक्रारी सुरू होतात. गाडी एवढी सावकाश का, मुंबईला पोचायला एवढा वेळ का. त्याच दिवसांत रात्री दोन-अडीचला, आपण पांघरुणात असताना, निवसरच्या बाजूला डोंगर कापून काढलेल्या कटिंगमधून एक माणूस रूळ बघत चाललेला असतो. अंगावर रेनकोट, डोक्याला दिवा, खांद्याला पिशवी. पिशवीत शिटी, झेंडे, लाल-हिरवा हातदिवा आणि रुळावर लावायचे फटाके. दरड खाली आलेली दिसली तर काय करायचं, ते त्याला पाठ असतं. लाल दिवा दाखवत गाडीच्या दिशेने धावायचं. अडथळ्यापासून 600 मीटरवर रुळाला एक फटाका लावायचा, 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की बार होतो आणि तो ऐकला की लोकोपायलटने गाडी आवरायची. आपल्याकडे बराचसा मार्ग एकेरी आहे. म्हणजे एका बाजूला धावून भागत नाही, गाडी दुसरीकडूनही येऊ शकते.

रेल्वेच्या उतरंडीत हा पेट्रोलमन अगदी खालच्या पायरीवर. पण समोर दरड असेल तर तो राजधानी एक्सप्रेससुद्धा थांबवतो, आणि त्यासाठी बेलापूरच्या मुख्यालयाची परवानगी मागत बसत नाही. आधी गाडी थांबते, विचारपूस मागाहून होते.

हे पुस्तक संगणकाविषयी आहे. सॉफ्टवेअर कसं बनतं, कसं मोडतं, त्याची सुरक्षा कोण सांभाळतं आणि ज्या ऑफिसांत, प्रयोगशाळांत हे काम चालतं तिथली माणसं एकमेकांशी कशी वागतात, याविषयीचे लेख पुढे आहेत. त्याची प्रस्तावना रुळावरून सुरू करण्याचं कारण एवढंच, की मला जे सांगायचं आहे ते मी संगणकाच्या पडद्यासमोर सोळा वर्षं बसून शिकलो नाही. गावी परत आल्यावर या पेट्रोलमनच्या कामाची माहिती घेतली तेव्हा ते समजलं. यंत्रं बिघडतात, प्रोग्राममध्ये चुका राहतात, चोर आत शिरतात. हे सगळं होणारच. फरक पडतो तो चूक पहिल्यांदा ज्याला दिसते त्याच्या हातात काय आहे याने. त्याच्याकडे लाल दिवा आहे का? आणि त्याने तो दाखवला तर गाडी थांबते का?

रेल्वेलाही हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा सगळा देश कौतुक करत होता, आणि ते योग्यच होतं. उक्षी आणि भोके यांच्या मधला साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, रत्नागिरीच्या दक्षिणेला पानवल नदीवरचा 64 मीटर उंचीचा पूल. अशी कामं या डोंगरात होतील यावर आमच्या आजोबांच्या पिढीचा विश्वास नव्हता. मग 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी, 16 जून 2004 ला, महाडजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस दगडांवर चढून पुलावरून खाली गेली. त्यानंतर कटिंगचे उतार कमी झाले, डोंगराला जाळ्या बसल्या, गस्त वाढली, मुसळधार पावसात पुढचं दिसत नसेल तर ताशी 40 किलोमीटरच्या वर जायचं नाही हे ठरलं. आज पानवलच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र आहे, वाशिष्ठीच्या पुलावर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे, रत्नागिरीसह ठिकठिकाणी पर्जन्यमापक आहेत. ज्या सावकाश गाडीवर आपण चिडतो तो सावकाशपणा जूनमधल्या त्या दोन अपघातांतून आलेला आहे.

22 जुलै 2021 ला याची परीक्षा झाली. चिपळूण आणि कामथे यांच्या मधल्या पुलाखाली वाशिष्ठीचं पाणी धोक्याच्या रेषेवर गेलं आणि गाड्या थांबवल्या गेल्या. सुमारे 6000 प्रवासी वेगवेगळ्या स्टेशनांत अडकले. लोक वैतागले, उपाशी राहिले, पण गाडीत होते ते जिवंत राहिले. त्याच दिवशी पहाटे चिपळूण शहरात माणसं घरात शिरलेल्या पाण्याने जागी झाली. एकच नदी, एकच पाऊस. रुळाला नदीची पातळी कळत होती, आणि कळल्यावर थांबायचं हे आधीच ठरलेलं होतं. बाजारपेठेतल्या दुकानदारापर्यंत तसं काहीच वेळेत पोचलं नाही. त्याच्या आधी दोन वर्षं, 2 जुलै 2019 च्या रात्री, चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसहून अधिक जीव गेले, घरं वाहून गेली. धरण गळतंय हे गावातल्या लोकांनी आधी सांगितलं होतं, तक्रारी केल्या होत्या. नंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांमुळे धरण पोखरल्याचं कारण दिलं आणि चर्चा तिकडे वळली. मला आजही छळतो तो आधीचा भाग. ज्यांच्या डोक्यावर ते पाणी होतं त्यांनी ते पाहिलं होतं, बोलून दाखवलं होतं, आणि त्यांच्या बोलण्याला फटाक्याइतकीही किंमत नव्हती.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती न सांगता दुसऱ्यांना शिकवायला बसणं मला जमणार नाही.

पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टर होतो. काम होतं पॅथॉलॉजी लॅबसाठी लागणाऱ्या प्रोग्रामचं: पेशंटची नोंद, नमुन्याचा नंबर, रिपोर्टची छपाई. एका गुरुवारी संध्याकाळी मला दिसलं, की एकाच नावाचे दोन पेशंट एकाच मिनिटात दोन वेगवेगळ्या काउंटरवर नोंदवले, तर कधी कधी एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर छापला जातो. दर वेळी नाही. वीस-पंचवीस वेळा करून पाहिलं तेव्हा दोनदा झालं. मी टीम लीडला जाऊन तोंडी सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने मान वर केली आणि विचारलं, "असं प्रत्यक्षात कितीदा होणार? उद्या क्लायंटला द्यायचंय. लो प्रायॉरिटीत टाक, पुढच्या रिलीजला बघू." मी जागेवर आलो आणि लो प्रायॉरिटीत टाकलं. तो चौकोन मी माझ्या हाताने निवडला. शुक्रवारी प्रोग्राम गेला, आम्ही सगळे जेवायला बाहेर गेलो. महिन्याभरात माझी बदली दुसऱ्या प्रोजेक्टवर झाली. ती चूक पुढे दुरुस्त झाली का, मधल्या काळात कुणा पाटलांच्या हाती दुसऱ्या पाटलांचा रिपोर्ट पडला का, हे मला कधीच कळलं नाही.

त्या संध्याकाळी मला कुणी धमकावलं नव्हतं. गाडी थांबवण्याचा अधिकार माझ्याकडे आहे असं मला वाटतच नव्हतं, एवढंच. नोकरीच्या पहिल्या दिवशी लॅपटॉप देतात, ओळखपत्र देतात, पासवर्ड बदलायला लावतात. लाल दिवा कुणी देत नाही.

असं तुमच्या-माझ्यासारख्यांच्या ऑफिसातच होतं असंही नाही. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात 1999 पासून होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली आली. फुजित्सू या कंपनीची. गावोगावच्या छोट्या पोस्टांत हिशेबाला तूट दिसू लागली. पोस्ट चालवणारी ही माणसं आपल्याकडच्या गावातल्या पोस्टमास्तरसारखीच, गावाने ओळखलेली, विश्वासाची. ती मदतीसाठी फोन करत आणि पुष्कळांना तिकडून उत्तर मिळे, की ही अडचण फक्त तुम्हालाच येतेय. तूट त्यांनी पदरचे पैसे घालून भरली, घरं विकली. 900 हून अधिक जणांवर चोरी आणि खोट्या हिशेबाचे गुन्हे सिद्ध झाले, काही तुरुंगात गेले. त्यांत भारतीय वंशाची एक गरोदर बाईही होती. काहींनी आत्महत्या केल्या. संगणक बरोबरच चालत असतो असं न्यायालय धरून चालत होतं आणि तो चुकला हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येत होती. ॲलन बेट्स नावाच्या एका पोस्टमास्तराने लढा सोडला नाही. डिसेंबर 2019 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते हे निकालात नोंदवलं, आणि 2024 मध्ये संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या.

ही हकीकत मी आमच्या शनिवारच्या बैठकीत सांगितली तेव्हा एका पतसंस्थेत काम करणाऱ्या मुलीने विचारलं, "म्हणजे सर, फुजित्सूमधल्या कुणालाच ठाऊक नव्हतं?" ठाऊक होतं. दोषांच्या नोंदी आत होत्या. शाखेच्या हिशेबात बाहेरून हात घालता येतो, हेही आतल्या माणसांना माहीत होतं आणि ते वर्षानुवर्षं नाकारलं गेलं. तिचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, कारण तिला प्रश्नाचं मर्म कळलं होतं.

त्या बैठकांतून हे पुस्तक झालं. रत्नागिरीत परतल्यावर दर शनिवारी आम्ही काही जण जमू लागलो: इंजिनिअरिंगची मुलं, दोन-तीन पतसंस्थांमधले कर्मचारी, मत्स्यविज्ञान शिकलेली एक संशोधक, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, घरून पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचं काम करणारे तरुण. हे शेवटचे कोरोनाच्या काळात वाढले. पाली, पावस, जयगडकडे नेटवर्कसाठी अंगणाच्या एका विशिष्ट कोपऱ्यात खुर्ची टाकून बसणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या कामाचा वकूब कुठेही कमी नाही. पण ती मीटिंगमध्ये कमी बोलतात. वीज जाईल, रेंज जाईल, पुन्हा ऑफिसला या म्हणतील, या भीतीने ती स्वतःहून अडचण काढत नाहीत. दुरून काम करणाऱ्याचं गप्प राहणं कुणाच्या लक्षातही येत नाही.

चोरांचं पोट याच गप्पपणावर भरतं, म्हणून सुरक्षेविषयी थोडं सविस्तर लिहितो. 11 ऑगस्ट 2018, दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं एटीएम जाळं त्या दिवशी लुटलं गेलं. ही बँक 1906 सालची; कोकणातल्या कितीतरी घरांचे पैसे अशाच सहकारी बँकांत आहेत. एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा बँकेच्या स्विचकडे जाते, स्विच खात्यात पैसे आहेत का हे मुख्य प्रणालीला विचारतो, ती हो म्हणाली की नोटा बाहेर येतात. हल्लेखोरांनी मधे आपला खोटा स्विच बसवला. तो मुख्य प्रणालीला विचारतच नव्हता, सगळ्याला परस्पर हो म्हणत होता. 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी बारा हजारांवर व्यवहार झाले, भारतातही अडीच कोटींच्या आसपास रक्कम काढली गेली. सोमवारी, 13 तारखेला, स्विफ्ट या बँकांमधल्या संदेश-जाळ्याच्या मार्गाने आणखी 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगला गेले. एकूण 94 कोटी 42 लाख. पैसे काढून देणाऱ्या टोळीतल्या 11 जणांना एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोषी ठरवलं.

त्या प्रकरणाचा तपास झाला, त्यावर मी नवं काही सांगणार नाही. मला काळजी आहे ती आपल्या गावातल्या छोट्या संस्थांची. कॅशियरचा पासवर्ड कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहिलेला असतो. साहेबांच्या लॉगिनवर शिपाईसुद्धा व्हाउचर पास करतो, कारण साहेब मीटिंगला गेलेले असतात आणि काउंटरवर रांग असते. याला मी आळस म्हणत नाही. काम पुढे ढकलायचं नाही, गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, ही या माणसांची निष्ठाच आहे. पण सुट्टीच्या दिवशी दुपारी पडद्यावर काहीतरी विचित्र दिसलं तर तिथल्या साध्या क्लार्कने काय करायचं? केबल ओढायची की आधी चेअरमनसाहेबांना फोन लावायचा? साहेब मुलीच्या लग्नात असतील तर? हा प्रश्न मी ज्या ज्या संस्थेत विचारला तिथे सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

चूक झाल्यावर तर आपण आणखी मिटतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही आपली शिकवण. संस्थेचं नाव खराब होईल, ठेवीदार रांगा लावतील, म्हणून हल्ला झाल्याचं सांगायचं नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने 28 एप्रिल 2022 च्या आदेशाने अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक केलं. त्या सहा तासांना अर्थ आहे. एका संस्थेवर ज्या वाटेने हल्ला झाला ती वाट त्याच आठवड्यात दुसरीकडे वापरली जाते. आपली मूठ झाकलेली राहिली की शेजाऱ्याचं घर उघडं पडतं.

घरातही तेच. 'डिजिटल अटके'च्या नावाखाली निवृत्त माणसांना व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवतात, समोर खोटा पोलीस, मागे खोटी कचेरी. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. तरी जन्मभर हिशेबाला चोख राहिलेला माणूस फसतो, आणि फसल्यावर चार दिवस मुलालाही सांगत नाही. लाज वाटते. 1930 या क्रमांकावर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते; चार दिवसांनी ते दहा खात्यांतून फिरून गेलेले असतात. आपल्या आई-वडिलांना हे सांगताना 'एवढं कसं कळलं नाही तुम्हाला' हे वाक्य कृपा करून वापरू नका. ते वाक्य ऐकावं लागेल या भीतीनेच ती गप्प बसतात. नवख्या प्रोग्रामरला 'हे तुला दिसलं नाही?' असं चारचौघांत विचारणाऱ्या मॅनेजरलाही माझी हीच विनंती आहे.

एक चांगलीही घटना सांगतो. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरच्या लक्षात आलं, की त्याच्या संगणकावर दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद. दुसऱ्या कुणी चहा घेतला असता. तो मागोवा घेत गेला आणि त्याला एक्सझेड या, जगभरच्या लिनक्स संगणकांत वापरल्या जाणाऱ्या फायली आवळण्याच्या छोट्या प्रोग्राममध्ये चोरदरवाजा सापडला. तो बसवणाऱ्याने जिया टॅन या नावाने दोन वर्षांहून अधिक काळ मदतीचा हात देत विश्वास कमावला होता. तो प्रोग्राम मूळचा एकटा सांभाळणारा माणूस थकला होता, आपल्या मानसिक तब्येतीविषयी त्याने उघडपणे लिहिलंही होतं, आणि वर लोक त्याला 'काम लवकर का होत नाही' म्हणून टोचत होते. 29 मार्चला फ्रॉइंडने आपल्याला जे दिसलं ते जाहीरपणे लिहिलं आणि लगेच जगभर ती आवृत्ती मागे घेण्याची धावपळ सुरू झाली. त्याला कुणी विचारलं नाही, की हे प्रत्यक्षात कितीदा होणार. या घटनेची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते: दरवाजा उघडला गेला तो एका थकलेल्या माणसाच्या एकटेपणातून. आपल्याकडे जादा तास बसणाऱ्याचं कौतुक होतं. दमलेला पेट्रोलमन दरड ओलांडून पुढे जाईल हे रेल्वेला कळतं, म्हणून त्याच्या गस्तीचा टप्पा ठरलेला असतो. दमलेल्या प्रोग्रामरबाबत तेवढाही विचार होत नाही.

आता कोड यंत्रही लिहू लागलं आहे. आमच्या बैठकीतली मुलं सांगतात, की पूर्वी दिवसाला शंभर ओळी वाचाव्या लागत, आता हजार येतात आणि संध्याकाळपर्यंत 'तपासलं' म्हणून खूण करायची असते. न समजलेल्या ओळीवर खूण करणं सोपं झालंय, 'मला हे समजलं नाही' म्हणणं अवघड. यावर पुस्तकात दोन लेख आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. मी ते मुद्दाम शेजारी ठेवले आहेत.

बैठकीत आम्ही एक वही ठेवली आहे. चार रकाने: तारीख, काय दिसलं, कुणाला सांगितलं, पुढे काय झालं. कंपनीचं नाव लिहायचं नाही, गुपित फोडायचं नाही, दुसऱ्याची नव्हे तर स्वतःची नोंद करायची. सुरुवातीला महिनाभर वही कोरी होती. मग रेल्वेतल्या काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पहिली नोंद तुम्ही करा. मुलं तुमच्या तोंडाकडे बघून बसलीत." मी लॅबच्या रिपोर्टची हकीकत लिहिली. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'टीम लीडला, तोंडी'. चौथ्या रकान्यात लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. तो तसाच सोडला. पुढच्या शनिवारी पतसंस्थेतल्या त्या मुलीने वही मागून घेतली आणि दीड पान लिहिलं. तिचा चौथा रकाना भरलेला आहे: तिने सांगितलं, तिच्या मॅनेजरबाईंनी दुपारी तीन वाजता काउंटर बंद केला आणि रांगेतल्या लोकांना स्वतः बाहेर येऊन समजावलं. वही आता तिसरी चालू आहे.